साडेनऊ फुटांची वाट

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

वूस्टर, बुधवार, ८ नोव्हेंबर २००६

चि. अदिती हीस,

आईचे आशीर्वाद. आम्ही दोघं इथे ठीक आहोत. तू कुमासीत खुशाल आहेस हे मी विचारायला नको. फोनवर तुला हल्ली धाप लागलेली असते, आणि ती आनंदाची आहे एवढं मला कळतं.

बाबांचा गुडघा थंडीने पुन्हा कुरकुरायला लागलाय. हीटर मी बासष्टच्या वर जाऊ देत नाही, ते गुपचूप अडुसष्ट करतात, मी जाऊन परत खाली आणते. असं आमचं चाललंय. आज संकष्टी. वऱ्याचे तांदूळ संपत आले म्हणून मी नुसत्या दाण्यांवर भागवलं आणि बाबांना पोळी-भाजी दिली. अथर्वशीर्ष म्हणताना तीनदा चुकले. असं माझं होत नाही.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. आपल्या खालच्या मजल्यावरची आबेना शनिवारी कुमासीला निघतेय, तिच्या हाती देणार आहे. सोबत मेतकूट, गोडा मसाला आणि लसणीची चटणी दह्याच्या डब्यांतून पाठवतेय. डबे टाकू नकोस, धुऊन परत आण.

काल चटणी द्यायला खाली गेले तर तिची बॅग उघडी पडली होती. अर्धी बॅग तुझ्यासाठीच होती. तुला लागतो तो साबण, पाच पेनं, डासांचं मलम आणि पायमोज्यांचे सहा जोड. तुझ्या पायाचं माप तिला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. माझे तीन डबे तिने कोपऱ्यात नीट बसवले आणि म्हणाली, "सिस्टर, तुझं सामान वर ठेवते, चेपायला नको." वागायला ती चांगलीच आहे. तेच तर.

दिवाळीला श्रूजबरीला गेलो होतो, ते फोनवर सांगायचं राहिलं. शोभनाकाकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मालिनीवहिनी, आमचा प्रथमेश कॅलिफोर्नियाला गेला, तुमची अदिती एकदम घानाला? भलतंच शोधून काढलंत हो."

मी म्हटलं, "तिथल्या बाजाराचा नकाशा करतेय. तिच्या शिक्षणातलाच भाग आहे."

"म्हणजे एवढं शिकून भाजीबाजारच बघायचा का?"

सगळ्या हसल्या. मी तुझी बाजू घेतली हो. म्हटलं, तिथल्या सरकारी माणसाने कागदावर दुकानांच्या दोन रांगा काढल्या आणि मधे सहा फुटांची गल्ली ठेवली. तिथे डोक्यावर टोमॅटोचं घमेलं घेतलेली बाई वळूसुद्धा शकत नाही. म्हणून विकणाऱ्या बायकांनी स्वतःच नकाशा करायचं ठरवलं, आणि इथे वूस्टरला राहणाऱ्या त्यांच्याच गावच्या बायकांनी साथ दिली. हे सगळं मी ठणकावून सांगितलं. पण मग तुझी मैत्रीण राधिका कौतुकाने म्हणाली, "हो काकू, अदिती सांगत होती, तिची घानाची पण एक आई आहे."

माझ्या हातात करंजी होती. ती तशीच ताटलीत ठेवली.

तू आबेनाला मामे म्हणतेस. मला समजावलं आहेस की त्यांच्या भाषेत मामे म्हणजे आई असलं तरी तिकडे मोठ्या बाईला सगळेच मामे म्हणतात. कळतं मला. आपणही येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला मावशी म्हणतो. पण मावशी म्हणतो, अदिती. आई नाही म्हणत.

आता चंद्रोदय झालाय, दिवा लावते. बाकी उद्या लिहीन.

गुरुवार

काल जे लिहायला बसले होते ते सोडून बाकी सगळं लिहिलं. आज पोथी वाचून झाली आणि सरळ कागद ओढला.

गेल्या मेमधला तो शनिवार आठवतो ना. कुमासीचा बाजार रोज भरतो, तिथे आखून बघायला रिकामी जागा नाही, म्हणून आबेनाच्या चर्चच्या पार्किंगमध्ये पूर्ण आकाराचा बाजार खडूने आखायचा ठरला होता. मला आधी ते पोरखेळच वाटलं होतं. पण आदल्या वर्षी आपल्या रस्त्यावरच्या बसस्टॉपचं चर्चच्या बायकांनी असंच केलं होतं. जमिनीवर खडूने बाक आखले, म्युनिसिपालिटीच्या माणसाला तिथे म्हाताऱ्यांबरोबर अर्धा तास उभं केलं, आणि महिन्याने बाक आले. आबेनाने त्या बाजारात बावीस वर्षं टोमॅटो विकलेत. "कागदावर गल्ली नेहमी रुंदच दिसते," ती म्हणाली होती. "चालून बघा."

तिनेच मला बोलावलं. तुला म्हणाली, "तुझी आई रोज संध्याकाळी वहीत लिहिते. आम्ही सगळ्या चालणार, लिहायला कोण? तिला आण." मी आले. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळी मापं लिहिली, आपल्या मराठी आकड्यांत, कारण हात तसाच वळतो.

बायका डोक्यावर भरलेली घमेली घेऊन समोरासमोरून चालल्या. सात फूट म्हणाल्या, मग साडेसात. त्यावरून केवढी भांडणं झाली. मी नुसती बघत होते, आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. मग लक्षात आलं. सगळ्या विकणाऱ्या होत्या, विकत घेणारी कोणीच नव्हती. मी आयुष्यभर भाजी घेतलीय. टोमॅटो दाबून बघायला मी वाकते, पिशवी पायाशी ठेवते, मागून जाणाऱ्याचा धक्का खाते. मी वही खाली ठेवली आणि खडूच्या दुकानापुढे जाऊन बसले, टोमॅटो निवडल्यासारखी. मागून येणाऱ्या बाईचा गुडघा माझ्या पाठीला लागला आणि तिचं घमेलं डुगडुगलं. सगळ्या हसल्या. आबेना हसली नाही. ओरडली, "कोणी हलायचं नाही." खडू घेऊन आली आणि माझ्याभोवती रेघ मारली, पिशवीसकट. टेप लावली. दोन फूट. म्हणजे गल्ली साडेनऊ फूट. मी उठून वहीत लिहिलं.

तू तेव्हा पार पलीकडच्या टोकाला फोनवर बोलत होतीस. तू आलीस तेव्हा आबेना दुसऱ्या बाईला तसंच बसवून सगळ्यांना पुन्हा दाखवत होती. गाडीतून परत येताना तुम्ही दोघी पुढे बसला होतात, मी मागे. घरी आल्यावर तू बाबांना म्हणालीस, "शी इज अमेझिंग. तिने एका बाईला खाली बसवलं, बाबा. आय वुड हॅव नेव्हर थॉट ऑफ इट. माझ्या प्रोफेसरांनाही सुचलं नसतं."

मी भात लावत होते. वाटलं, आता तू विचारशील, आई, तू पण होतीस ना, कसं झालं ते सांग. तू विचारलं नाहीस. मी स्वतः सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते तिच्यासाठी होतं. ते मागून घ्यायचं मला जमलं नाही.

त्या संध्याकाळी पाऊस पडला आणि पार्किंग धुऊन निघालं. तू धावत वर आलीस. "आई, तुझ्या वहीत असेल ना, वाकणाऱ्या बाईसाठी किती धरलं होतं? सोमवारी नकाशा पाठवायचाय."

आणि मी म्हटलं, "ते नाही गं लिहिलं. माझ्या लक्षात नाही आलं."

वही माझ्या मांडीवर होती, अदिती.

साडेसातवर भांडणं झाली होती म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. वरचे दोन फूट कोणालाच नक्की आठवेनात. त्यांच्या मंडळीतला कोणी इंजिनियर म्हणाला, वाकणाऱ्याला सहा इंच पुष्कळ झाले. आठ फुटांवर मिटलं. तुझा नकाशा आठ फुटांचा गेला आणि तिथे पासही झाला. मी देवापुढे रोज बसत होते. देवाला सांगत होते की आठ म्हणजे सहापेक्षा बरेच की. देव काही बोलत नाही, त्याचा असा फायदा घेता येतो.

मागच्या रविवारी तुझा फोन आला. जागेवर दोऱ्या लावल्यात, पुढच्या बुधवारी पाया खणायचा, सगळं सांगत होतीस. मग हसत म्हणालीस, एक म्हातारी विकणारी दोऱ्यांमधून चालून आली आणि म्हणाली, अडचण होतेय खरी, पण वूस्टरच्या बायकांनी चालून मोजलंय म्हणजे बरोबरच असणार.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तुझ्या मागे दहा जणांचे आवाज येत होते. मी म्हटलं, जेवलीस का? तू म्हणालीस, "येस आई, बाय."

ती म्हातारी माझ्यावर विश्वास ठेवून चालणार आहे. मी तिला कधी पाहिलेलंही नाही. पाया एकदा भरला की ती आणि तिच्यामागच्या किती जणी रोज एकमेकींना धक्के देत चालतील. टोमॅटो सांडतील, कोणाची मान मुरगळेल. तीस-चाळीस वर्षं. आणि का, तर माझी लेक दुसऱ्या बाईचं कौतुक करते म्हणून.

मी आधी ठरवलं होतं की हे पत्र तुला देऊन मोकळं व्हायचं. मराठीत असल्यामुळे आबेना वाचू शकणार नाही, तिच्या हातून तिच्याच विरुद्धची गोष्ट जाईल आणि तिला कळणारही नाही. हे लिहिताना लाज वाटली. उद्या सकाळी खाली जाईन.

शुक्रवार

जाऊन आले.

ती बॅग बंद करायला बॅगेवरच बसली होती. मी म्हटलं, "आबेना, ती वही आहे."

"कसली वही, सिस्टर?"

"मेमधली. बाजाराची." आणि उघडून वाचलं. नाइन अँड हाफ फीट.

तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग आपल्या बोटांवर मोजलं. "सहा महिने?"

"हो."

"का?"

माझं इंग्लिश मॅट्रिकचं. रात्रीपासून वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "माय डॉटर कॉल्स यू मदर."

ती म्हणाली, "अदिती तिथल्या पाणी विकणारीलाही मामे म्हणते." म्हणताना हसली नाही. मग उठली. चिडली होती, आणि तिने ते लपवलं नाही. "आणि ते बसून दाखवणं तुझं होतं. मी तिला गाडीत सांगितलं, तू मागे बसली होतीस. तुझ्या आईने शोधून काढलं, म्हटलं. ती फोनमध्ये काहीतरी लिहीत होती. हो हो म्हणाली."

तुम्ही पुढे इंग्लिशमध्ये भराभर बोलत होतात आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. मी ऐकलंच नाही. तूही ऐकलं नाहीस. मी सहा महिने जिच्यावर जळत होते तिने त्याच दिवशी माझं मला दिलं होतं.

तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तू ऐकलं नाहीस. मला माहीत होतं, मी लपवलं. दोन्ही एक नाही.

आबेनाने तिथल्या तिथे बाजारात तिच्या बहिणीला फोन लावला. इथे सकाळचे दहा, तिथे दुपारचे तीन. मला फोनमधून बाजार ऐकू येत होता. दोघी त्यांच्या भाषेत बोलत होत्या आणि आवाज चढत गेले. गल्ली दीड फूट वाढली की दोन्ही बाजूंची दुकानं नऊ-नऊ इंच आत सरकणार, त्यात बहिणीचंही दुकान आहे. आबेना मला म्हणाली, "ती म्हणते, माझे नऊ इंच का जायचे? मी तिला सांगितलं, फळी वर चढव, माल उंच लाव." पुन्हा बराच वेळ ओरडणं झालं. मग तिने फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "ती विचारतेय, हे कोणी मोजलं? मी काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, अदितीच्या आईने मोजलं. आणि तिनेच लपवलं."

ती खूप वेळ बोलली. दोनदा तुझं नाव आलं. मी सांगितलेली दोन्ही वाक्यं तिने पोचवली की पहिलंच, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन ठेवून म्हणाली, "रविवारी दोऱ्या पुन्हा लावतील. लोक रागावतील." मला बस म्हणाली नाही. पण पत्र घेतलं नसल्याची आठवण तिनेच करून दिली. "संध्याकाळी आण, पुरं करून."

तेव्हा हे पत्र तुझ्या हाती पडेल त्याआधीच आकडा तुला कळलेला असेल. का लपवलं ते या पत्रात आहे. वहीतली ती चार पानं कापून सोबत ठेवलीत, बाजूला इंग्लिश आकडे लिहिलेत. पुन्हा एकदा चालून बघा. माझ्यावर भरवसा ठेवू नका, टेपवर ठेवा. आणि विकत घेणारीला खाली बसवायला विसरू नका.

त्या म्हाताऱ्या बाईला माझा नमस्कार सांग. कशासाठी ते सांगायचं की नाही, तू ठरव.

आबेना तिथे उतरल्यावर तिच्याशी नीट वाग, नेहमी म्हणतेस तेच म्हण. माझ्यासाठी ते बदलू नकोस. मला अजून ते ऐकून आत कुठेतरी लागतं, लागत राहील; लागत नाही असं खोटं मी देवापुढे बोलू शकत नाही.

तू रागावशील. रागावच. फोन केलास की बाबांना सांगू नकोस, मला बोलाव. आणि इंग्लिशमध्ये रागावू नकोस. इंग्लिशमध्ये तू माझ्याशी नेहमी सभ्यपणे बोलतेस, परक्या माणसाशी बोलावं तसं. मराठीत रागाव, लहानपणी रागवायचीस तसं. मी सगळं ऐकून घेईन.

तुझी,
आई