सिद्धारामचं मशीन

२९ सप्टेंबर, सोमवार
दैनिकाच्या कार्यालयातली मशीनं तीच, आतलं सॉफ्टवेअर नवं होणार. पुण्याच्या सर्व्हरवरून, नेटवर्कनं. तिथल्या संजयचा फोन : "बटण दाबा, चहा पिऊन या. जुनं पुसलं जाईल, नवं आपोआप बसेल." उपसंपादक सिद्धारामचं मशीन मात्र बंद ठेवायचं. तो वारून दीड महिना झाला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. संजय शुक्रवारी येऊन फायली काढून देईल.

३० सप्टें.
सिद्धारामच्या पत्नी महादेवीवहिनींचा फोन. सिद्धाराम रोज पान छपाईला सोडल्यावर अर्धा तास बसून वळसंगच्या, आपल्या गावच्या आठवणी लिहायचा, हे मीच त्यांना सांगितलेलं. "घरी लई कमी बोलायचे, अण्णा. तितं काय लिवलंय ते तरी वाचू द्या की." शुक्रवारी देतो म्हणालो.

१ ऑक्टो., खंडेनवमी
मशीनांची पूजा. सगळे पडदे चालू, सिद्धारामचा काळा. शिपाई इरप्पामामा झेंडूची माळ घेऊन तिथंच थांबले. "बंद मशीनला हार घालायचा व्हय, साहेब? फोटोला घालतात तसा?"
मलाही बघवेना. मीच बटण दाबलं.
प्रसाद घेऊन वळलो तर पडद्यावर पट्टी सरकत होती. एकोणचाळीस टक्के. वायर ओढली.
सोमवारी मीच सगळ्यांना बजावलं होतं, आणि

३ ऑक्टो.
संजय डिस्क पुण्याला घेऊन गेला. "काही तुकडे निघतील कदाचित. शब्द देत नाही." इरप्पामामांनी डबा उघडला नाही. त्यांना म्हटलं, बटण मी दाबलं.

५ ऑक्टो., रविवार
वहिनींना घरी जाऊन सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विचारलं, "तुमी त्यातलं काय वाचलं होतं का?"
एक पान. त्यानं दाखवलेलं. 'लांबतंय' म्हणून मी परत दिलेलं. हे शेवटचं सांगितलं नाही.
"आठवंल तेवढं लिहून द्या की, अण्णा."
उद्या दहाला या म्हणालो.

६ ऑक्टो.
सकाळपासून बसलोय. लग्नानंतर वहिनी पहिल्यांदा वळसंगच्या थांब्यावर एसटीतून उतरल्या, तो प्रसंग. तीन ओळी आठवल्या तशा उतरवल्या. चौथी लगेच आली, नेटकी, बेताची. त्याची नव्हे, माझी. खोडली.
पुण्याहून फोन नाही. साडेनऊ झाले.