पाहुण्यांसाठी कचरा

आलमबाग, लखनौ
२१ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. चारुताईस, सा. न. वि. वि.

थंडी सुरू झाली. धनंजय रेल्वेच्या कामासाठी कानपूरला आहेत. स्वरदा यंदा माझ्याच वर्गात, त्यामुळे घरातही मला मॅडम म्हणते.

शाळेतल्या माझ्या पर्यावरण मंडळाचं तुला कळवलं होतं. दोन वर्षं मुलांच्या मागे लागले. आता मैदानात कागदाचा कपटा दिसत नाही. सात तारखेला स्वच्छतेचा कार्यक्रम आहे. पाहुणे स्वतः कचरा उचलणार, फोटो निघणार. प्राचार्य म्हणाले, उचलायला कचरा कुठाय? बाजारातून दोन पोती मागवा आणि सकाळी पसरा. नाही म्हटलं तर मंडळ खेळाच्या सरांकडे जाईल. ते मुलांना नुसतं रांगेत उभं करतात.

काय करू, लगेच लिही. वाट पाहते.

तुझी नयना

सातारा
२७ नोव्हेंबर

चि. सौ. नयनास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे भावजी हसत सुटले. विचारतायत, साताऱ्याचा कचरा पार्सलनं पाठवू का?

तू पहिल्यापासून हट्टी. एक दिवस मान खाली घाल गं. नाटक आहे म्हणून सांग मुलांना. मंडळ गेलं तर त्यांना शिकवणार कोण?

स्वरदाला पापा. तब्येतीला जप, आणि रागावली असलीस तरी लिही.

तुझी ताई

लखनौ
१० डिसेंबर

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं.

शिपायानं पोती रिकामी केली, तेवढ्यात मुलं आली. नाटकाचं मी सांगेपर्यंत सगळं उचलून मोकळी. प्राचार्य माझ्याकडे बघत राहिले. मग मीच म्हटलं, पुन्हा पसरा. पसरतानाही मुलांनी संत्र्यांच्या साली एकीकडे टाकल्या, पिशव्या दुसरीकडे. तसं शिकवलं होतं ना मी.

पाहुण्यांनी एक पिशवी उचलली. फोटो निघाला. शाळेला स्वच्छतेची ढाल मिळाली, मंडळ माझ्याकडेच राहिलं.

काल मधल्या सुट्टीत वर्गात गेले, तर बाकाखाली शेंगांची टरफलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. स्वरदाची. मी ओरडले. तिनं हिंदीत विचारलं, आज कोणी येणार आहे का? उलट बोलत नव्हती गं ताई, खरंच विचारत होती.

मी म्हटलं, नाही. तिनं पुढची शेंग सोलली.

भावजींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

नयना