राबाच्या तुकड्याचा कागद

प्रिय आत्या,

तू गेल्यावर तुला पत्र लिहावं असं कधी सुचलं नव्हतं. आज लिहितोय, कारण काल रिह्याला तुझ्या घरी गेलो तेव्हा तुझ्या दत्ताने माझ्यापुढे एक कागद ठेवला. "दादा, वाच आन् सांग, सही करू का?" याच ओसरीवर तूही मला हेच विचारलं होतंस.

आठवतं? टेकडीवरच्या नव्या इमारतींसाठी बिल्डरला तुझ्या बांधातून पाण्याचा पाइप न्यायचा होता; त्याचा माणूस कागद घेऊन आला होता. मी वर्तमानपत्रातला, घाईत वाचायची सवय. दहा मिनिटांत वाचून सरळ आहे म्हणालो. तू म्हणालीस, "सरळ हाय, तर मानूस एवढं गोड का बोलतंय?" मी हसलो, आणि माझ्या भरवशावर तू सही केलीस.

पाइपाचं तोंड ओढ्यातल्या झऱ्याला लागलं. मग तुझी विहीर होळीलाच तळ दाखवू लागली. मला एका शब्दाने बोलली नाहीस. का गं? बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आताचा कागद राबाचा. दत्ताने नेहमीसारखा भाताच्या रोपांसाठी शेण, पालापाचोळा पसरून वाफा भाजला आणि धूर टेकडीवर गेला. चार दिवसांत बिल्डरच्या ऑफिसातले दोघे इमारतीतल्या लोकांची तक्रार आणि पेढे घेऊन हजर. राब भाजू नका, रोपं आम्ही आणून देऊ, फक्त त्या तुकड्याची 'देखभाल' आमच्याकडे द्या. विहिरीला लागून असलेल्या तुकड्याची!

"पेढं आधी कुत्र्याला घाला," सुमन म्हणाली. तुझीच सून.

या वेळी मी टेकडी चढलो. तक्रारीवर पहिली सही एका शिक्षिकेची होती. मुलीला दमा आहे, असं त्यात लिहिलेलं. खोटंच असणार, असं धरून गेलो होतो. दारातच मुलीचा खोकला ऐकू आला आणि ओशाळलो. आपला धूर तिला खरंच बाधतो, आत्या. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं का, तो कुठे जातो?

मी कागद पुढे केला तेव्हा बाई माझ्याकडेच संशयाने बघू लागल्या. दोनदा वाचला. आम्ही फक्त भाजायच्या आधी कळवा एवढंच लिहिलं होतं, देखभालीचं आमचं नाही, म्हणाल्या. मग कागद परत देत, "धूर दोन दिवस असतो हो. टँकर रोज लागतो."

त्यांच्याही नळाला पाणी नाही! मग तुझ्या बांधातलं पाणी जातं कुठे? वर बांधताहेत त्या बंगल्यांकडे, असं बाईंना वाटतं. असेलही. पण बघितल्याशिवाय मी तेही धरून चालणार नाही.

दत्ताने सही केलेली नाही. पुढच्या वर्षी राब भाजायच्या आधी बाईंना निरोप जाईल. मुलगी ते दोन दिवस मावशीकडे राहील. आणि या रविवारी दत्ता, बाई आणि मी झऱ्यापासून त्या पाइपाच्या कडेने चालत निघणार आहोत. त्याचं दुसरं टोक डोळ्यांनी बघेपर्यंत तुझ्या घरात कुठल्याही कागदाला मी सरळ म्हणणार नाही. हा शब्द तुला.

ज्याच्या भरवशावर तू सही केलीस, तो तुझा भाचा,
बाळू