पानांचा ड्रेस

प्रिय जैनब बेटा,

फोन सोडून अब्बा पत्र लिहायला बसले, याचं तुला हसू येईल. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? 'अब्बा, तास आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राचं तसं करता येत नाही. शिवाय तुला माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतात, म्हणजे तू शब्द न् शब्द वाचणार. खुशाल काढ लाल पेनाने, फक्त शेवटपर्यंत ये.

घरी सगळं ठीक आहे. थंडीमुळे अम्मीचा गुडघा कुरकुर करतो आणि अम्मी माझ्यावर. वडशात नाटकांचा सीझन ऐन भरात आहे. रोज कुठल्या तरी मंडळाचा माणूस दुकानात ठाण मांडून बसलेला असतो. कुणाला राजाचा अंगरखा पाहिजे, कुणाला इन्स्पेक्टरची टोपी, आणि सगळ्यांना आजच पाहिजे. नाटकांचे कपडे भाड्याने द्यायच्या या ड्रेपरीच्या धंद्यात 'उद्या' हा शब्दच नाही. तू लहानपणी माझ्या दुकानातला मुकुट घालून शाळेला निघाली होतीस आणि बाईंनी परत पाठवलं होतं, आठवतं? दिवसभर रडलीस. मी तेव्हा बाईंच्याच बाजूने बोललो होतो.

तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला मी स्वतः कपड्यांची पेटी घेऊन आलापल्लीला आलो, ते धंद्यासाठी नाही. आपली पोरगी दहावीची वर्गशिक्षिका झाली, माईकवर बोलणार, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. आदिवासी नृत्यासाठी ड्रेस हवेत म्हणालीस म्हणून मी तो पानांचा सेट आणला. हिरव्या रेक्झिनची पानं शिवलेले घागरे आणि डोक्याला पिसांचे पट्टे. एका नाटकातल्या जंगलच्या राजाच्या दरबारासाठी मीच शिवले होते. गडचिरोलीच्या जंगलात असलं काही नेसलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही, पण स्टेजवर चालून जातं. तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुली गोंड, माडिया. त्या पिसं लावून एकमेकींकडे बघत होत्या आणि तोंडावर हात धरून हसत होत्या. मलाही हसू आलं.

मग तुझ्या वर्गातली बुधरी आली. नोटीसमध्ये 'पारंपरिक वेशभूषा' लिहिलेलं, म्हणून ती बिचारी आपल्या आजीचं लुगडं नेसून आली होती. पांढरं, लाल काठाचं, गुडघ्यापर्यंतच. गळ्यात मण्यांच्या माळा. काय रुबाबात चालत आली ती! तुमच्या हेडसरांनी तिला पाहिलं, तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि वळून मला म्हणाले, "जाफरभाऊ, हा पीस आखूड झाला ना. मोठ्या मापाचा द्या." त्यांना वाटलं, हाही माझ्या पेटीतलाच ड्रेस आहे. मी सांगायला तोंड उघडणार, तोवर तू तिचा हात धरून पडद्यामागे गेलीस. ती बाहेर आली ती माझा पानांचा घागरा घालून. नाचली मात्र. शेवटच्या ओळीत उभी राहून, एकही पाऊल न चुकता, एकदाही मान वर न करता.

दुसऱ्या दिवशी ती होस्टेल सोडून घरी गेली. मी फोनवर विचारलं तर तू म्हणालीस, घरची आठवण आली असेल, येईल. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली, बेटा. ती आलेली नाही.

मध्यंतरी विक्की दुकानात आला. विनोदी पार्ट करतो तोच. खुशीत होता. "जाफरभाऊ, या लुगड्यावर तं पब्लिक लोळून राह्यली. मी नुसती एन्ट्री घेतो, गुडघे दिसले का हसाले लागते. असंच अजून एक द्या ना." त्याच्या हातात पांढरं, लाल काठाचं लुगडं होतं. मी काठ उलटून पाहिला. माझ्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या काठावर मी शाईने माझ्या नावाचा 'जा' लिहून ठेवतो, तुला माहीत आहे. या काठावर काहीच नव्हतं. गॅदरिंगच्या गडबडीत कुणीतरी ते माझ्या पेटीत कोंबलं, आणि मी वडशाला आल्या आल्या ती पेटी तशीच विक्कीच्या मंडळाला भाड्याने देऊन टाकली. एका म्हातारीने जपून ठेवलेलं लुगडं गावोगाव लोकांना हसवत फिरलं. मी ते काढून घेतलं. "काऊन भाऊ, काय झालं?" विक्की विचारत राहिला. काय सांगणार त्याला? अम्मीने ते धुतलं, वाळवलं, घडी करून कपाटात ठेवलं.

त्या दिवसापासून मी तुझ्यावर रागावलो होतो. मग तू रुजू झालीस तो दिवस आठवला. हेडसर तुला म्हणाले होते, "मॅडम, तुमच्या स्कार्फचं आम्हाला काही नाही. फक्त तुम्हीही कशाचा विषय काढत जाऊ नका." किती आनंदाने सांगितलं होतंस! अम्मीने गल्लीभर शिरा वाटला. आम्हाला वाटलं, भला माणूस भेटला. असेलही भला. पण त्या दिवशी पडद्यापाशी तू आधी स्वतःचा स्कार्फ नीट केलास आणि मग बुधरीचा हात धरलास. मी समोरच उभा होतो. तू घाबरली होतीस. कंत्राटावरची नोकरी, परकं गाव, घाबरायला काय लागतं? मी बाप आहे. तुझी नोकरी टिकावी, तुला कुणी काही बोलू नये, असं मला रोज वाटतं. पण तुझ्या डोक्यावरचं राहावं म्हणून त्या पोरीच्या अंगावरचं उतरावं, हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

एवढं सगळं मी मनातच ठेवणार होतो. पण काल बुधरीची आई, बायनाबाई, दुकानात आली. बस बदलत बदलत इतक्या लांब, फडक्यात चारोळी बांधून. गॅदरिंगला ती मागच्या रांगेत बसली होती म्हणे, सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, लुगडं शोधत आली. मी ताबडतोब आणून दिलं, माफी मागितली. तिने ते छातीशी धरलं, पिशवीत ठेवलं, पण उठेना. मग म्हणाली, "भाऊ, हे तं घरीच राहीन. शाळेत चालत नाई, मॅडमनं सोडाले लावलं. माह्या पोरीले तो पानाचा डिरेस पायजे. बाकीच्या पोरींपाशी होता, माह्या पोरीपाशी नव्हता, म्हणून लाजली ते. तिचा तिले झाला तं जाईन शाळेत." चारोळी तिने त्या ड्रेससाठी आणली होती. जैनब, तिला वाटतंय की रोजचा गणवेश सगळ्या मुलींचा, आणि पानांचा ड्रेस हा तिच्या लोकांच्या पोरींसाठी शाळेने ठरवलेला. मंडळाकडून परत आलेला तो ड्रेस तिच्या डोळ्यांसमोरच टांगलेला होता. मी नाही म्हटलं तर तिला वाटलं, भाऊ द्यायला हात आखडतो आहे. तो शिवणारा मी, मी तिला कुठल्या तोंडाने समजावणार? शेवटी म्हणालो, "बाई, रविवारी मॅडम स्वतः तुमच्या घरी येतील, त्याच सांगतील." तुला न विचारता शब्द देऊन बसलो, म्हणून हे पत्र. जा, बेटा. स्कार्फ बांधून जा. बुधरीला सांग, चूक झाली. शाळेची म्हणू नकोस, 'माझी चूक झाली' असं म्हण. आणि सोमवारी तिला सोबत घेऊन हेडसरांपुढे उभी राहा. त्यांनी तुझा विषय काढलाच तर काढू दे, नोकरी गेलीच तर वडशाला ये, भाकरीला आपण महाग नाही. निघताना बायनाबाई दारात थांबली आणि विचारलं, "मॅडम आमच्या घरचं पाणी पितीन ना भाऊ?" मी हो म्हटलंय.

तुझाच,
अब्बा