पोटाचे ऑपरेशन लपवले होते

गुरुवार, १२ मे १९५५. आलापल्ली.

आज डेपोत सागाचे लठ्ठे मोजताना चक्कर येऊन पडलो. मोहाची दारू प्यालो असे समजून मुकादम बुधाभाऊ ओकारीसाठी मिठाचे पाणी पाजत होते. शुद्धीवर येताच मी दात आवळले. क्षणभर उशीर झाला असता तर? नागपूरच्या डॉक्टरांनी बजावले होते, अर्धे जठर काढले आहे, उपचार करणाऱ्याला आधी सांगा, ओकारीने टाके तुटतील. नोकरी जाईल म्हणून मी लपवले. ओठांवर अजून मीठ लागते.

संध्याकाळी भाऊंना व्रण दाखवला.

"बाबू, आधी काऊन नाई सांगितलं? आमी मारलंच असतं तुमाले."

"साहेबाले सांगू नका."

"साहेबाले नाई. पन मजुराइले सांगतो. तुमी पडाल तवा तेच राह्यतीन जवळ."

एकदा मजुरांना कळले, तर साहेबांनाही कळणारच. तरी मी भाऊंना थांबवले नाही.