सुलक्षणाची तीन कॉलेजं

भांडुप, जून १९७३

जयवंता, बाळा,

तुझा पत्ता नाही, तरी लिहिते.

सुलक्षणा मॅट्रिक झाली. मार्क तुझ्याइतकेच पडलेत. आज जेवताना बाबा तिला म्हणाले, "मोठ्या कॉलेजात मिळालं तर झकास. पण आपल्या मार्कांना मिळेल असंही एक बघू. आणि घाटकोपरचं आहेच, तिथे नक्की घेतील. कुठेही गेलीस तरी आम्हाला आनंदच आहे."

भाकरी थापताना माझा हात थांबला. तुझ्या वेळी याच माणसाने तुला एकाच कॉलेजात पाठवलं. "तिथे नाही मिळालं तर घरी येऊ नकोस," म्हणाले. तिथल्या यादीत तुझं नाव लागलं नाही आणि तू त्यांचा शब्द खरा केलास. तीन वर्षं झाली रे.

सुलक्षणाने हळूच विचारलं, "बाबा, दादाला असं का नाही सांगितलंत?"

बाबा भरलं ताट सोडून गॅलरीत जाऊन उभे राहिले. तुझा विषय निघाला की ते असेच उठतात आणि मी त्यांना समजावून आत आणते.

आज नाही आणलं.

कुठे असशील तिथे पोटभर जेव.

तुझी वाट बघणारी,
आई