बाबांचं वाकडं बोट

कौलूनच्या सुक-यिन ताईस, ओसाकाहून धाकट्या पुई-लामचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गुडघा कसा आहे? (पत्रात गुडघ्याचा उल्लेख नव्हता, पण अकरा वर्षांपूर्वी दुखत होता, म्हणजे आता काही पळत सुटला नसेल.) भावोजींचा खोकला कमी आहे ना? इकडे तुझी भावजय फुमिए ठीक आहे. माझी तब्येत तिलाच विचारावी लागते, मी सांगितलेली ती खरी धरत नाही. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि खाली बसूनच पाकीट फोडलं. आत तीन ओळी. सहलीच्या बसने दीड महिन्याने, मंगळवारी ओसाकाला येणार, नऊ ते बारा मोकळी असणार, आणि ‘चांगल्या ठिकाणी सकाळच्या चहाला बसव, डिमसम धड नसतील तर चहा पिऊन उठेन’. पुढे सही. आशीर्वाद लिहायला दोन बोटं जागा शिल्लक होती, मी बोटं ठेवून पाहिली.

आपलं कशावरून बिनसलं ते दोघांनाही पाठ आहे, पण फुमिए म्हणते एकदा कागदावर येऊ दे. तर येऊ दे. बाबांच्या उजव्या हाताचं बोट दुकानाच्या शटरखाली सापडून वाकडं झालं, आणि तेव्हापासून त्यांच्या कोळंबी भरून वाफवलेल्या डिमसमच्या पारीची शेवटची कळी आत वळायला लागली. आपल्या शाम शुई पो पेठेत लोक ती कळी बघून ओळखायचे, की हे माकमास्तरांचं. आपण दोघं सरळ बोटांनी ती वाकडी कळी शिकलो (तू आठवड्यात, मी दोन वर्षांत, हेही तू विसरू देत नाहीस). पुढे मी इथल्या गोठवलेल्या डिमसमच्या कारखान्यात लागलो, त्यांनी सहा दिवस माझ्या हातांवर कॅमेरे लावले आणि ती कळी यंत्राला शिकवली. तू फोनवर म्हणालीस, “बाबांचं बोट विकलंस,” आणि फोन ठेवलास. तेव्हा मी म्हणालो होतो की ताईला कामधंद्यातलं काही कळत नाही. तेही येऊ दे कागदावर.

मंगळवारी मला तुला माफीचा चहा ओतायचा आहे. उभं राहून, दोन्ही हातांनी. लहानपणी मी मोठं पातेलं कोरडं जाळलं होतं, तेव्हा बाबांनी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर मला चहा ओतायला लावला होता, आठवतं? कप पुढे ठेवून मी उभा, आणि बाबा घोड्यांच्या शर्यतीचं पान वाचत बसले. आधी वरून खाली वाचलं, मग खालून वर. चहा गार झाला, मग त्यांनी चहा पावला म्हणून दोन बोटं टेबलावर टेकवली, टक टक, आणि प्रकरण मिटलं. माझी पाय दुखेपर्यंत उभं राहायची तयारी आहे, पण त्यासाठी आपल्या पद्धतीचं चहाचं ठिकाण तर हवं. ते शोधण्यात माझा महिना गेला.

पहिलं ठिकाण उमेदाला, हॉटेलाच्या चौदाव्या मजल्यावर. डिमसम म्हटलं की इथे दुपारचं जेवण, साडेअकराशिवाय दार उघडत नाही. बाबा असते तर तोवर त्यांचा तिसरा चहा होऊन दुपारची झोप लागत आली असती. किटली रिकामी झाली, पाणी घाला म्हणून मी आपल्याकडच्या सवयीने झाकण सरकवून ठेवलं. पोरगी आली, वाकली, माफी मागितली आणि झाकण नीट बसवून गेली. मी पुन्हा सरकवलं. तिने पुन्हा बसवलं, पुन्हा माफी मागितली. चार वेळा झालं. शेवटी मॅनेजर स्वतः नवी किटली घेऊन आला, कारण आमच्या किटलीचं झाकण सैल आहे असा त्यांचा समज झाला होता. (नवी किटलीही रिकामीच होती.) बत्तीस वर्षं या गावात राहतोय, मला हे ठाऊक असायला हवं होतं. पण समोर बांबूच्या टोपल्या दिसल्या की हात ऐकत नाही. डिमसम आले ते पाहण्यासारखे होते. पारी पुठ्ठ्यासारखी, कोळंबीला चव म्हणून नाही.

दुसरं शिनसाइबाशीला. नव्वद मिनिटांत पोटभर खा आणि उठा. टेबलावर घड्याळ लावलेलं, ते उलटं पळतं. बाबांना पहिला कप फुंकायलाच नव्वद मिनिटं लागायची. टोपल्या घेऊन मांजराच्या तोंडाचं यंत्र आलं, म्याव केलं, आणि मी, ताई, त्याच्यासमोर दोन बोटं टेकवली. फुमिए म्हणाली, “सहा महिन्यांत माझे आभार मानले नाहीस, त्या मांजराचे मानतोस.” तिचं खरं होतं म्हणून मी खात राहिलो. तीच पुठ्ठा पारी, तीच कोळंबी.

तिसरं त्सुरुहाशीच्या गल्लीत, आपल्याच बोलीचा म्हातारा चालवतो. त्याने झाकण सरकवलेलं पाहिलं आणि न विचारता पाणी ओतलं. मला भरून आलं. मनात म्हटलं, ताई इथेच बसेल. मग टोपली उघडली. म्हाताऱ्याने खाली वाकून मला विचारलं, “काय हो, कळी बघितलीत का? शेवटची आत वळते. शाम शुई पोला एक मास्तर होते, त्यांची ही पद्धत.” मी म्हटलं, तुम्ही करता? तो म्हणाला, “छे, हात कुठे चालतात आता. पाकिटातून येतात.”

तिन्ही ठिकाणी तेच होते, ताई. पहिल्या टोपलीतच मी ओळखलं होतं, पण कबूल करायला तीन हॉटेलं लागली. महिनाभर ज्याला पुठ्ठा म्हणून शिव्या घातल्या, तो मीच रोज सकाळी तपासून पाठवतो. बाबांचं मोडलेलं बोट आता ओसाकाभर पाकिटांत फिरतंय, बर्फासारखं गार, आणि ते मी केलं. तू बरोबर होतीस. हे वाक्य लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

तेव्हा धड डिमसम या गावात मला सापडले नाहीत, असं लिहून देतो. चिडायचं तर चीड, पण उतरल्याशिवाय जाऊ नकोस. मंगळवारी नऊला मी बसपाशी उभा असेन. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
पुई-लाम

ता. क. हॉटेल नको, घरीच ये. दोन स्टेशनांवर आहे. फुमिएने टोपल्या धुऊन उन्हात ठेवल्यात आणि मला त्यांच्याजवळ जायची बंदी आहे.

आणखी एक. येताना आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून पारीचं पीठ आण. इथलं हातात फाटतं.

शेवटचं. पीठ फाटतं हे खोटं आहे. गेल्या रविवारी मी चाळीस वळले, एकाचीही शेवटची कळी आत वळली नाही. अकरा वर्षं मी फक्त यंत्राच्या चुका बघत आलोय, हात विसरला. सोमवारी कारखान्यात यंत्रासमोर उभा राहून शिकायचा प्रयत्न केला, पण ते एका दमात बारा करतं आणि हळू कर म्हटलेलं त्याला कळत नाही. आता ती कळी फक्त तुझ्या हातात आहे. बारा वाजेपर्यंत मला शिकवशील का? चहा मी आधीच ओतून ठेवीन. गार झाला तरी चालेल.